क्रूसेडर की ग्रँट? वाळवंटातला रणगाडा माणसांसकट उभा करायचा असेल तर

१/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या प्लास्टिक मॉडेलमध्ये, दुसऱ्या महायुद्धातला उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातला ब्रिटिश रणगाडा करायचा आणि त्यावर माणसंही बसवायची, असं एकदा ठरलं की गाडी फिरून फिरून दोन नावांपाशी येते: क्रूसेडर आणि ग्रँट. शर्मन मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. तो सगळ्याच आघाड्यांवर लढला, त्यामुळे फक्त वाळवंटाचा असा तो कधी वाटत नाही. कुठल्या किटमध्ये फोटो-एच (पत्र्यातले नाजूक सुटे भाग) येतं, ट्रॅक सुटे आहेत की रबरी पट्टा, हे तुम्ही आधीच बघितलं असणार. म्हणून इथे दोघांकडे फक्त क्रूच्या, म्हणजे रणगाड्यातल्या माणसांच्या, बाजूने बघू या. आत कोण कुठे बसायचं, थांबल्यावर त्यांना काय काय करावं लागायचं, आणि त्यातलं आपल्या टेबलावर किती दिसतं?

आधी ग्रँट, कारण वाळवंटातल्या क्रूंना तो मनापासून हवा होता. १९४१ मध्ये क्रूसेडरवर दोन पौंडी तोफ होती आणि तिला वाळवंटात फक्त भरीव गोळा मिळायचा, स्फोटक गोळा नाही. दीड किलोमीटरवर दगडांच्या आड बसलेली जर्मन रणगाडाविरोधी तोफ गप्प करायची तर तो भरीव गोळा थेट तोफेवरच बसायला हवा; चार हात बाजूला पडला तर धुळीपलीकडे काही होत नाही. उरली बेसा मशिनगन, पण तिच्या पल्ल्यात यायचं म्हणजे उघड्यावरून तेवढं अंतर तोडायचं. २७ मे १९४२ ला लिबियातल्या गझालाच्या लढाईत ग्रँट उतरला तो ७५ मिमी तोफ आणि स्फोटक गोळा घेऊन. लांबूनच उत्तर देता येणं ही त्या माणसांसाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे विसरून ग्रँटला बेढब म्हणू नये.

पण ती तोफ टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, नाही. ती हलच्या (रणगाड्याच्या मुख्य धडाच्या) उजव्या बाजूला, खाली आहे आणि दोन्हीकडे जेमतेम पंधरा अंश फिरते. त्यापलीकडचं लक्ष्य असेल तर चालकाने अख्खा रणगाडा वळवायचा. उंचवट्याआड राहून फक्त टरेट वर काढलं तर लढते ती टरेटमधली छोटी ३७ मिमी तोफ. ७५ डागायची तर तीन मीटर उंचीचं धूड जवळजवळ पूर्ण वर आणावं लागतं. बरेच डायोरामे (जमिनीसकट मांडलेले प्रसंग) इथेच चुकतात. ग्रँट टेकाडाआड छान लपवलेला असतो आणि ७५ समोरच्या मातीत रोखलेली असते.

आता माझा निकाल ज्या एका कटकटीने लावला ती सांगतो. ग्रँटमध्ये सहा माणसं. वर कमांडर, ३७ चा गनर (तोफ डागणारा) आणि त्याचा लोडर (गोळा भरणारा). खाली चालक, ७५ चा गनर आणि त्याचा लोडर. ग्रँट घेण्याचं खरं कारण म्हणजे हा दुमजली संसार. मिनिआर्टचा इंटिरियरवाला किट घेतलात तर तो सगळा मिळतो: पांढऱ्या भिंती, गोळ्यांचे कप्पे, मागचं नऊ सिलिंडरचं रेडियल इंजिन, तिथून पुढच्या गिअरबॉक्सकडे आलेला शाफ्ट. हे सगळं रंगवायचं, घाण करायचं, माणसं बसवायची आणि मग वर छत चिकटवायचं. त्यानंतर टरेटच्या झाकणातून एक माणूस दिसतो. बाजूचा दरवाजा उघडा ठेवला तर जमिनीचा एक तुकडा आणि कुणाचा तरी गुडघा. छत न चिकटवता नुसतं ठेवलं तर रिव्हेटच्या ओळीशेजारी फट राहते आणि मॅट रंगावर ती लगेच नजरेत येते. सगळी झाकणं, दरवाजे उघडे ठेवायचे तर लढाईचा प्रसंग करता येत नाही. बाजू कापून कटअवे करता येतो, ज्यांना यंत्र दाखवायचंय त्यांना तो आवडेलही. पण कापलेल्या रणगाड्यावर धूळ आणि सामान चढवलं की ते खोटं वाटू लागतं. सहा माणसांची मेहनत करून दोन दाखवायची, हे मला तरी पटत नाही.

क्रूसेडरचं उलट आहे. त्याच्या क्रूचे हाल बाहेर दिसतात, आणि कारण आहे इंजिन. २७ लिटरचं, ३४० अश्वशक्तीचं नफिल्ड लिबर्टी, मूळ पहिल्या महायुद्धातल्या विमानाचं. क्रूसेडरच्या बुटक्या हलमध्ये मावावं म्हणून त्याची उंची कमी केली, त्यासाठी पाण्याचा पंप हलवला आणि पंखे साखळीवर चालवले. वाळूने पंपाची सीलं खाल्ली, पाणी गळायला लागलं. साखळी ताणली जायची, मग दात सोडायची. पंखा थांबला की इंजिन तापलंच. हवेचे फिल्टर मागच्या मडगार्डवर, म्हणजे ट्रॅक जिथे धूळ उडवतो नेमके तिथे. साखळीऐवजी शाफ्टवर पंखे चालवणारी सुधारित आवृत्ती पुढे आली, पण तोवर कित्येक क्रूसेडर शत्रूच्या गोळ्याविनाच रस्त्यात बसले होते.

म्हणून गाडी थांबली की कामाला सुरुवात: इंजिन डेकच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पट्ट्या उघडायच्या, पाणी बघायचं, साखळीचा ताण बघायचा, फिल्टर झटकून साफ करायचे, ट्रॅकच्या पिना तपासायच्या. पाण्याचं रेशन माणशी दिवसाला सुमारे एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर, आणि पुष्कळदा त्याहून कमी. पिणं, चहा, दाढी त्यातच आणि गळक्या रेडिएटरचं पोटही त्यातूनच भरायचं. डेक उघडी, दोघे वाकलेले, तिसरा डब्यातून जपून पाणी ओततोय, चौथा वाळू भरलेल्या कापलेल्या डब्यात पेट्रोल टाकून चहा उकळतोय. मार्क २ चे, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचे, चारही जण उघड्यावर, आणि प्रसंग शंभर टक्के खरा.

याच प्रसंगातली एक बारीक गोष्ट नीट जमवा. पाण्याचा डाग आणि तेलाचा डाग वेगळे असतात. तेल गडद राहतं, धूळ धरून दाट होतं. गळलेलं पाणी सुकलं की मधला भाग जवळजवळ मूळ रंगाचा राहतो आणि कडेला फिकट धुळीची रेघ उरते. मागच्या प्लेटवर बफ (फिकट पिवळसर) रंगाचं अगदी पातळ वॉश, म्हणजे पाण्यासारखा केलेला रंग, सोडा, अर्धवट सुकलं की ओलसर ब्रशने मधलं उचला. कड आपोआप राहते.

मार्क १-२ वर पुढे डावीकडे जे छोटं मशिनगनचं टरेट आहे, ते बऱ्याच क्रूंनी काढून टाकलं. आत बसणारा पाचवा माणूस गुदमरायचा, आणि ती जागा सामानाला कामी यायची. मार्क ३ ला सहा पौंडी तोफ आली, पण टरेटमध्ये दोघेच उरले. कमांडरच गोळा भरायचा. तेव्हा मार्क ३ लढताना दाखवून वर दुर्बीणवाला कमांडर उभा करू नका, त्याचे हात तोफेपाशी अडकलेले असतात.

मापाचं म्हणाल तर क्रूसेडर भरतो साधारण ६४ मिमी उंच, ग्रँट ८६. लांबीला क्रूसेडरच सेंटिमीटरभर जास्त. मुंबईतल्या घरात काचेच्या कपाटाचे कप्पे बुटके असतात, आणि ग्रँटवर उभा कमांडर चढवला की वरचा कप्पा आडवा येतो. हा मुद्दा दुय्यम आहे, पण आहे. प्रत्यक्ष माणसाशेजारी ही यंत्रं केवढी दिसतात ते बघायचं असेल तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक फेरी मारा. वाळवंटात लढलेल्या मटिल्डा आणि व्हॅलेंटाइन या दोन जाती तिथे बघायला मिळतात.

रंगात दोघांची गोडी वेगळी. १९४१ च्या क्रूसेडरला तीन रंगांचे सरळ कडांचे तिरके पट्टे देता येतात; मास्किंगला वेळ जातो, पण दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. ग्रँट अमेरिकन हिरव्या रंगात आला आणि त्यावर पिवळसर स्टोन रंग चढला, त्यामुळे खरवडलं की खालून हिरवा निघतो. ग्रँटच्या ट्रॅकला रबराचे ठोकळे आहेत, त्यांना गंज लावू नका. क्रूसेडरचे ट्रॅक पोलादी, पण कोरड्या हवेत आणि खडीवर ते घासून चकचकीत होतात. तिथेही गंज अगदी बेताचा.

जमिनीबद्दल एवढंच की गझाला किंवा सिदी रेझेघ (लिबियातलीच दुसरी रणभूमी, नोव्हेंबर १९४१) म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. सपाट, खडकाळ, वर पिठासारखी धूळ आणि मधेमधे काटेरी झुडपं. जुहूची वाळू आणू नका. दाणा या स्केलला गोट्यांएवढा दिसतो, आणि तिच्यातलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं, मग बेसवर डाग उमटतात. आयव्हरी रंगाचं टाइल ग्राउट चहाच्या गाळणीतून चाळून घ्या, झुडपांना नारळाचा काथ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मॅट व्हार्निश मारूच नका. हवेतल्या दमटपणाने ते दुधाळ होतं आणि महिन्याभराची धूळ त्याखाली जाते. एसीची खोली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं बरं.

तर कुणी काय घ्यावं? गझालाची लढाईच करायची असेल, किंवा यंत्राच्या पोटात रमणारा माणूस असेल, तर ग्रँटला पर्याय नाही आणि मी आग्रह करणार नाही. पण वाळवंटात त्या क्रूंचा दिवस कसा जायचा ते दाखवायचं असेल तर मी क्रूसेडरच घेईन, त्यातही मार्क २, नोव्हेंबर १९४१ चा. त्याच्याबरोबर पेट्रोलचे पातळ पत्र्याचे चौकोनी डबे वेगळे मागवा. शिवणीतून गळणारे तेच डबे तेव्हा ब्रिटिशांकडे होते. जेरीकॅन दाखवायचे तर जर्मनांकडून हाती लागलेले एक-दोनच. फिगर घेताना सगळे अर्ध्या चड्डीतले, उघडे असा सेट टाळा. नोव्हेंबरात तिथे पहाटे कडाक्याची थंडी असते. सकाळचा प्रसंग असेल तर अंगात स्वेटर हवा आणि निदान एकाच्या अंगावर जाड ओव्हरकोट.