हंपी की बदामी?

दिवाळी जवळ आली की भावकीतून नाहीतर ऑफिसातून एक फोन ठरलेला असतो. "चार दिवस आहेत हातात. हंपी करावं की बदामी?" मी विचारतो, बरोबर कोण कोण आहे? खरं उत्तर त्यावरच अवलंबून असतं. पण समोरच्याला एक नाव हवं असतं, आणि मी ते पटकन देत नाही म्हटल्यावर तो हळूच म्हणतो, "की दोन्ही उरकून टाकू?"

दोन्ही उरकू नका. पहिल्यांदा मी तेच केलं होतं. सांगलीहून निघून जमखंडी, लोकापूर करत बदामी, दुसऱ्या दिवशी ऐहोळे-पट्टदकल, तिसऱ्या दिवशी पहाटे उठून हंपीकडे दीडेकशे किलोमीटर, आणि चौथ्या दिवशी परतीचा रस्ता. घरी आल्यावर फोटो लावायला बसलो तर एका नंदीवरून बायकोचं आणि माझं वाजलं. ती म्हणते पट्टदकलचा, मी म्हणतो हंपीचा. अजून निकाल लागलेला नाही. त्यानंतर मात्र दोन्ही ठिकाणी वेगवेगळं जात राहिलो. हंपीला आजवर तीनदा गेलोय, बदामीला पाचदा. आकड्यावरून कल ओळखलाच असेल, तरी शक्यतो निष्पक्षपणे सांगतो.

हंपीपुढे बदामी लहान आहे, हे आधीच कबूल करतो. मातंग टेकडीवर पहाटे अंधारात चढायचं, वर धापा टाकत बसायचं आणि उजाडताना खाली बघायचं: कुणीतरी हातानं रचून ठेवल्यासारखे धोंडे, मधूनच वळणारी तुंगभद्रा, पायथ्याशी अच्युतरायाचं देऊळ आणि त्याच्यासमोर लांबच लांब गेलेल्या रिकाम्या बाजारपेठेच्या दगडी ओळी. १५६५ साली तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर साम्राज्याची राजधानी असलेलं हे शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं, आणि तरी एवढं उरलंय. मग मुळात होतं तरी केवढं, हा विचार तिथून उतरेपर्यंत डोक्यातून जात नाही. बदामीत असा आवाका नाही. तिथलं सगळं डोळ्यांच्या एका फेऱ्यात मावतं.

शिवाय हंपीत आपला विठोबा आहे. म्हणजे होता. कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती इकडे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. इतिहासकार तिच्याबद्दल काय म्हणतात ते बाजूला ठेवू, पण मराठी माणूस तिथल्या विठ्ठल मंदिराकडे निघतो तो नुसता दगडी रथ बघायला निघत नाही. रथ तर पन्नासच्या नोटेवर रोजच दिसतो.

तर दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेलो ते याच मंदिरासाठी. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त.

आणि तिथंच माझं हंपीशी जरा बिनसलं. निमित्त झालं ते रिक्षावाल्याच्या लॅमिनेट केलेल्या कार्डाचं.

हंपी हे एक ठिकाण नाही. विरूपाक्ष मंदिर एका बाजूला, महानवमी दिब्बा (उंच दगडी चौथरा), लोटस महाल, हत्तीखाना हा राजवाड्याचा भाग काही किलोमीटर दूर, विठ्ठल मंदिर तिसरीकडे, आनेगुंदी तर नदीपलीकडे. चांगली खोली हवी म्हणून होस्पेटला उतरलात तर रोज सकाळी आधी बारा-तेरा किलोमीटर जायचं. मग रिक्षा ठरवावी लागते, आणि रिक्षा ठरली की कार्ड हातात येतं. त्यावर आकडे घालून छापलेले पॉइंट. माणूस भला होता, भाडंही वाजवी होतं. पण त्या कार्डानं आमचा दिवस ताब्यात घेतला. "इथं वीस मिनिटं." "इथं नुसतं बाहेरून बघा." सासिवेकाळू गणपतीपाशी आई सावलीत जरा टेकली तर तो प्रेमानं म्हणाला, "अज्जी, इन्नू ऐदु पॉइंट." अजून पाच. दुपारी जेवताना आम्ही काय बघितलं यावर बोलत नव्हतो, किती झाले ते मोजत होतो. उग्रनरसिंहासमोर उभं असताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं, हे मला अजून खटकतं.

विठ्ठल मंदिर त्यानं शेवटी ठेवलं होतं. रिक्षा एक किलोमीटर अलीकडेच थांबते, तिथून पुढे बॅटरीवर चालणारी छोटी गाडी. सुट्टीचा दिवस, रांग भली मोठी. उन्हात पाऊण तास उभं राहिलो. आईला कठड्यावर बसवलं. शेवटी आत पोचलो, रथ झाला, संगीत खांब झाले (वाजवायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे), आणि आई थेट गाभाऱ्याकडे गेली. आत मूर्ती नाही, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "अरे, मग विठोबा कुठाय?" मी भानुदासांची गोष्ट सांगितली. तिलाही ती माहीत होतीच. "हो रे, पण मला वाटलं आता कुणीतरी दुसरी बसवली असेल." मग परतीच्या रांगेत पुन्हा अर्धा तास.

ठिकाण आपल्या सवडीनं बघता येतं की नाही, माझं मोजमाप एवढंच, त्यापुढे शास्त्र नाही. तिसऱ्या वेळी शहाणा होऊन आम्ही दोघांनीच भाड्यानं स्कूटर घेतली. फरक पडला, नाही असं नाही. पण तरी दर दीड तासाला "आता कुठं?" हा प्रश्न सुटला नाही. फोनवर नकाशा, डोक्यावर ऊन, तापलेली सीट. हंपी बघायला हंपीतच हिंडावं लागतं, आणि हिंडण्यातच दिवस जातो. तुम्हाला हिंडण्याची हौस असेल तर ही तक्रारच नव्हे, हेही मान्य.

बदामीत कार्ड नाही. खोलीतून चहा घेऊन निघायचं, गल्लीतून चालत गेलं की समोर तांबडा कडा आणि त्यात कोरलेली लेणी. पायऱ्या चढायच्या, पण थोड्या. पहिल्याच लेण्यात अठरा हातांचा नटराज. कुठले हात कुठल्या मुद्रेत जुळतात ते बघत मी एकदा इतका वेळ थांबलो की रखवालदारानं विचारलं, काही हरवलंय का? तिसरं लेणं सगळ्यांत मोठं. शेषावर ऐसपैस बसलेला विष्णू, आणि चालुक्य राजा मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख. एवढी नेमकी तारीख अंगावर असलेलं जुनं लेणं क्वचितच भेटतं. घाई करायला कुणी नसतं. दमलात तर खाली येऊन झोपा आणि चारला पुन्हा वर जा. आई दुसऱ्या दिवशी तेच करायची.

खरी बदामी मात्र लेण्यांत नाही, तळ्याकाठी आहे असं माझं मत. अगस्त्य तीर्थाच्या पायऱ्यांवर सकाळी बायका धुणं धूत असतात. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यामुळे धोपटण्याचा आवाज एकदा पायरीवर आणि एकदा कड्यावर असा दोनदा ऐकू येतो. पलीकडच्या टोकाला पाण्यालगत भूतनाथाचं देऊळ. तिथं संध्याकाळी टेकायचं, समोरचा दगड तांबूस होत जातो. याच गावातून चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता, ज्यानं उत्तरेच्या सम्राट हर्षाला नर्मदेवर अडवलं. त्याची स्तुती कोरलेला रविकीर्तीचा लेख ऐहोळेच्या मेगुती देवळात आहे, इसवी सन ६३४ चा. त्यात 'तीन महाराष्ट्रकां'चा, म्हणजे महाराष्ट्र नावाच्या तीन प्रदेशांचा उल्लेख येतो, तेव्हा ऐहोळेला गेलात तर दुर्ग मंदिर बघून परत फिरू नका, ती टेकडीही चढा. आपले लोक इथं फार नंतर पोचले. १७८६ मध्ये पेशवे आणि निजाम यांच्या फौजांनी वेढा घालून टिपूकडून बदामी घेतली होती.

पट्टदकल बावीस किलोमीटर. एकाच आवारात, हिरवळीवर, दाटीवाटीनं देवळं. वेरूळचं कैलास बघितलं असेल तर इथल्या विरूपाक्ष मंदिरासमोर थबकायला होतं, कारण तो आराखडा ओळखीचा वाटतो. चालुक्य राजानं पल्लवांच्या कांचीवर मिळवलेल्या विजयानिमित्त त्याची राणी लोकमहादेवी हिनं ते आठव्या शतकात बांधवलं. एक सकाळ तिथं घालवा, गाडीत फारसं बसावंही लागत नाही.

आणि बनशंकरी. कितीतरी मराठी घरांचं हे कुलदैवत, आमचं नाही, पण आई म्हणाली देवीला परकं कोण असतं. बदामीहून पाच किलोमीटर. दर्शनाइतकंच लक्षात राहतं ते बाहेरचं जेवण. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका पानावर ज्वारीची पातळ भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि गाडग्यातलं घट्ट दही वाढतात. तळ्याच्या कठड्यावर बसून खायचं. हंपीत मला पॅनकेक आणि फलाफल सहज मिळालं, भाकरी शोधावी लागली. ज्याची त्याची आवड.

बदामीचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. लेण्यांतली माकडं भयंकर आहेत. पिशवी, चष्मा, पाण्याची बाटली, काही सोडत नाहीत. माझी केळी दोनदा गेली. मुख्य रस्ता धुळीचा आणि गोंगाटाचा, खोल्या यथातथा. रात्री आठनंतर करण्यासारखं काहीच नाही. कॉलेजातली पोरं असतील तर कंटाळतील. त्यांनी सरळ हंपी गाठावं, धोंडे चढावेत, नदीकाठी बसावं. आयुष्यात एकदाच जाणार असलात तर बहुधा हंपीच निवडावं, मीही तेच सांगेन.

पण बरोबर आई-वडील असतील, किंवा तुम्हीच वर्षभर वेळापत्रकाला कंटाळून निघाला असाल, तर मी बदामीकडे बोट दाखवीन. फक्त पौष पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका. बनशंकरीची जत्रा असते, खोली मिळणं मुश्कील. यंदा आम्ही ती उरकल्यावर, फेब्रुवारीत निघतोय. आईनं आत्ताच बजावून ठेवलंय की चष्म्याला दोरी बांधून घे.