कोल्हापूरच्या पावसाळ्यात पाईनचं फर्निचर : एक मोसम काढल्यानंतरचा अनुभव

आमचं घर रंकाळ्याच्या बाजूला, तळमजल्यावर. जूनअखेर झड लागली की मागच्या भिंतीला ओल येते, कपाटातले कपडे सर्द होतात आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. अशा घरात पाईन करू नका, असं बहुतेकांनी बजावलं होतं. तरी केलं. सनमायका नको होता, हाताला लाकूडच लागायला हवं होतं आणि सागाचा भाव आवाक्याबाहेर होता. जेवणाचं टेबल, पुस्तकांचं शेल्फ आणि दाराजवळचा चपलांचा रॅक, तिन्ही न्यूझीलंड पाईनचे. पॉलिश उन्हाळ्यात झालं, मधे अख्खा पावसाळा गेला, आता दिवाळीही झाली. तिन्हींना मुद्दाम वेगवेगळं पॉलिश दिलं होतं, त्यामुळे आज खात्रीनं काही सांगता येतं.

पाईन टिकतं. फक्त डबा कुठला आणला यापेक्षा पॉलिश लाकडाच्या कुठल्या कुठल्या अंगाला लागलं, यावर ते जास्त अवलंबून असतं.

लाकूड कापून, वाळवून, टेबल झालं तरी हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. हवेतली आर्द्रता ४० टक्के असते तेव्हा लाकडात साधारण ७-८ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८५ च्या घरात जाऊन बरेच दिवस तिथंच राहिली, की हेच पाणी १८ टक्क्यांपर्यंत चढतं. आपल्याकडं एप्रिल आणि जुलैमध्ये जवळपास एवढाच फरक असतो. फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगते. टेबलाच्या दोन-अडीच फूट रुंद पाटाला पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. कुठलंही पॉलिश हे पूर्ण थांबवत नाही, वेग तेवढा कमी करतं. पण तेच महत्त्वाचं. आठवडाभराची झड लाकडाच्या आतपर्यंत पोहोचायच्या आत उघडीप मिळते.

आता समजा पाटाला वरून पॉलिशचे चार हात दिले आणि खालची बाजू कोरी ठेवली. मग खालची बाजू ओलावा पिऊन फुगते, वरची तशीच राहते आणि फळीच्या कडा वर उचलतात. पाट वाकला की लोक लाकडाला नावं ठेवतात. आमच्या मिस्त्रींना मी खालूनही तेवढेच हात द्यायला सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, खालनं कोण बघणार हाय?" मी म्हटलं, "मिस्त्री, बघायला कुणी नाही, पण ओल तिथनंच येणार." त्यांनी टेबल उलटं करून मनापासून काम केलं, आणि पावसाळाभर सरळ राहिलेल्या पाटाचं श्रेय मी त्या उलट्या बाजूच्या हातांनाच देते. पाट चौकटीला जोडताना स्क्रूची भोकंही त्यांनी लांबट पाडली. फळी फुगली-आटली की स्क्रू त्या भोकात सरकतो. घट्ट आवळलेला पाट चिरतो.

दुसरी जागा म्हणजे पायांचे तळ. लाकडाचं कापलेलं तोंड पाणी शोषतं ते अंगापेक्षा कितीतरी पटीनं जास्त, कारण सगळ्या नळ्या तिथं उघड्या असतात. आणि आपण फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसतो. म्हणजे टेबलाचा पाय रोज थोडं पाणी पितो, वरचं पॉलिश कितीही चकचकीत असो. आम्ही प्रत्येक पायाच्या तळाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश दिलं, जिरेल तसं पुन्हा पुन्हा, शोषायचं थांबेपर्यंत. मग खाली नायलॉनचे बूट ठोकले, म्हणजे पाय फरशीला टेकतच नाही. परवा टेबल आडवं करून बघितलं तेव्हा तळ कोरडे होते, काळी कड धरलेली नव्हती. शेजारच्यांच्या पाईनच्या स्टुलाला बूट नाहीत. त्याचे पाय बोटभर काळे पडलेत आणि नख लावलं तर रुततं.

टेबलाला एका डब्यात येणारं ऑइल बेस्ड पीयू आहे. पाईनवर थेट रंग चढवला तर तो डागाळतो, मऊ भाग जास्त पितो आणि कडक रेघा कोरड्या राहतात. म्हणून रंग दिलाच नाही. गाठींवर मात्र आधी मेण काढलेल्या चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) पातळ हात दिले, कारण उन्हाळ्यात गाठीतून राळ बाहेर येते आणि वरचं पॉलिश चिकट होतं. मग घासायला १२० नंबरचा पॉलिश पेपर, १८० चा, २२० चा, नंतर थिनर घालून पातळ केलेला पहिला हात आणि वर दाट हात, दोन हातांच्या मधे ३२० नं हलकं घासून. खालीवर दोन्हीकडं सारखंच.

रोजच्या वापरात याबद्दल तक्रार नाही. गरम भांड्याखाली आम्ही जाळी ठेवतो. पाण्याचे पेले ओघळले तरी डाग राहत नाही. तांबड्या रश्श्याची वाटी एकदा सांडली आणि पाहुण्यांच्या गडबडीत कडेचा ओघळ रात्रभर तसाच राहिला. सकाळी तेल पुसलं गेलं, हळदीची पिवळी कड राहिली. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून टेबल खिडकीशी सरकवलं. थोड्या दिवसांत कड दिसेनाशी झाली. रंग थोडा पिवळसर झालाय, तो या पीयूचा आणि पाईनचा दोघांचाही स्वभाव आहे.

झिजेच्या बाबतीत मात्र पाईनकडून फार अपेक्षा नको. लाकूड मऊ आहे. मुलानं कर्कटक दाबलं की खोच पडते, पीयूच्या थराखालीसुद्धा. पीयू ओरखडा अडवतं, खोच अडवू शकत नाही.

खोच दुरुस्त करण्यात शेल्फ सरस आहे. त्याला उकळलेलं अळशीचं तेल आणि वर मधमाशीचं मेण दिलंय. तेल लाकडात मुरतं, वर थर होत नाही. त्यामुळे खोच पडली तर तिथं ओलं फडकं ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री काही सेकंद टेकवायची. वाफेनं दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा जवळजवळ भरून येतो. डोळ्यांसमोर लाकूड वर येताना बघणं हा मोठा आनंद आहे. तंतू तुटलेले असतील तर मात्र उपयोग होत नाही. पीयूवर हे करू नका, वाफ आत जात नाही आणि थर पांढरा पडतो. तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल वाळताना तापतं आणि अशी फडकी आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

पण तेल ओलीला फारसं अडवत नाही. ऑगस्टमध्ये शेल्फच्या पाठीवर, भिंतीच्या बाजूला, काळे ठिपके आले. बुरशीला अळशीचं तेल खाद्यच. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून, पंख्याखाली वाळवून, शेल्फ भिंतीपासून चार बोटं पुढं घेतलं. हवा खेळायला लागली आणि ठिपके पुन्हा आले नाहीत. ओलीच्या भिंतीला टेकणाऱ्या फर्निचरला मी तेल सुचवणार नाही.

चपलांच्या रॅकला चपड्याचं जुनं पॉलिश आहे. दिसायला तिन्हींत सुंदर तेच. पण ओल्या चपलांखाली पांढरे चट्टे आले, आणि वर ठेवलेल्या सॅनिटायझरची बाटली गळली तिथं पॉलिश विरघळलं, कारण चपडा अल्कोहोलमध्येच विरघळतो. याच गुणामुळे दुरुस्तीही सोपी जाते. स्पिरिट लावलेलं फडकं हलकं फिरवलं की चट्टे जातात. दाराजवळ मात्र आता पीयूच देणार. चपडा आतल्या खोलीतल्या, पाण्यापासून दूर असलेल्या वस्तूंना शोभतो.

वाळवीसाठी वेगळा विचार करा, पॉलिश म्हणजे वाळवीवरचं औषध नव्हे. आणि पॉलिशचं काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत हात वाळता वाळत नाही, मेलामाइनसारखी पॉलिश पांढुरकी पडतात, आणि फुगलेल्या लाकडावरच थर बसतो. मार्च ते मे हाच काळ. लाकूड घेताना दुकानदाराला ओलाव्याचं मीटर लावून दाखवायला सांगा. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर घ्या, १८ दाखवत असेल तर थांबा.

ज्यांच्या घरात २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी शिरलं होतं, त्यांना यातलं कुठलंच पॉलिश वाचवणार नाही. अख्खं बुडालेलं लाकूड फुगणारच. पण पाईन सागापेक्षा हलकं असतं, त्याचा तिथं फायदा होतो. सुताराला टेबलाचे पाय बोल्टनी जोडायला सांगा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडं सरकतेय असं कळलं, की पान्यानं पाय सोडवून दोघं जण पाट माडीवर नेऊ शकतात.