रखडलेली गिटार: थांबावे की परत आणावी?

दुरुस्तीला दिलेली गिटार ठरल्या तारखेला मिळत नाही आणि कारागीर फोनवर ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असे सांगत राहतो, तेव्हा त्याच्याकडूनच नेटाने काम पुरे करून घेणे किंवा वाद्य उचलून दुसऱ्याकडे नेणे, असे दोन मार्ग उरतात.

निवड रागावर नव्हे, तर काम कुठवर आले आहे यावर करावी, असे माझे मत आहे. सुटलेला ब्रिज (गिटारच्या अंगावरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) नुकताच चिकटवला असेल, तर क्लॅम्प लावून साधारण 24 तास तो तसाच ठेवावा लागतो, कारण अकूस्टिक गिटारच्या सहा स्टील तारांचा एकत्रित ताण 70 किलोच्या आसपास असतो आणि घाई केल्यास ब्रिज पुन्हा उचकटतो. फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून सपाट केले, पण त्यांना गोलाई दिली नाही, अशी अर्धवट गिटार दुसरा कारागीर नाखुशीनेच घेतो. शिवाय पुढे तार झणझणली, तर दोष कोणाचा हे ठरत नाही. अशा वेळी नवी तारीख लेखी घेऊन थांबणे बरे.

कामाला हातच लागला नसेल, तर मात्र थांबू नये. पाच आठवड्यांनी मी माझी गिटार परत आणली, तेव्हा केसवर धूळ होती आणि आत त्याच गंजलेल्या तारा होत्या. परत घेताना आगाऊ रकमेचा हिशेब मिटवावा, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती छोटी पट्टी) आणि ब्रिजपिना (तारा ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या सहा खुंट्या) मोजून घ्याव्यात. सहाच्या पाच व्हायला वेळ लागत नाही.