‘अ‍ॅट द मूलाँ रूज’ची प्रिंट : आधी उजवा काठ बघा

फ्रेंच चित्रकार हाँरी द तुलूझ-लोत्रेकच्या या चित्राची प्रिंट साधारण दोन रूपांत मिळते : लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास आणि मॅट कॉटन पेपर. यातला पेपर घ्या. कॅनव्हासवर या चित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट बऱ्याचदा बाजूला दुमडली जाते.

ती म्हणजे उजव्या काठावरचा मे मिल्टन या नर्तकीचा चेहरा. खालून आलेल्या दिव्याच्या उजेडात हिरवा पडलेला, काठापाशी अचानक समोर येणारा. पॅरिसच्या मूलाँ रूज या नाचघरातली रात्र किती कृत्रिम उजेडात जगली जायची, हे या एका चेहऱ्यात आहे. एकेकाळी हा भाग, खालच्या पट्टीसह, मूळ चित्रातून कापून टाकला होता, बहुधा असा चेहरा असलेलं चित्र विकणं जड जाईल म्हणून. १९१४ पर्यंत तो पुन्हा जोडला गेला. आज चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नीट निरखलं तर उजवीकडे आणि खाली जोडाची रेघ दिसते. मोठ्या प्रिंटमध्ये ती अजिबात दिसत नसेल, तर फाइल कमी तपशिलाची आहे असं समजावं.

मूळ माप १२३ × १४१ सेंमी. म्हणजे २४ इंच रुंदीला उंची २१ इंच हवी. तयार फ्रेम १८ × २४ ची असते. त्यात बसवताना वरखालचा मिळून सातवा हिस्सा जातो. तेव्हा माप सांगूनच ऑर्डर द्या. कॅनव्हासच हवा असेल तर दुमडायला चारी बाजूंनी २ इंच कोरा किंवा गडद रंगाचा कॅनव्हास जास्तीचा मागा. चित्रच दुमडलं, तर दीड इंच जाडीच्या चौकटीवर मे मिल्टन भिंतीकडे तोंड करून बसते.

रंगात चूक होते ती ‘ऑटो करेक्शन’मुळे. सॉफ्टवेअरला हिरवी कातडी म्हणजे दोष वाटतो, ते तिला गुलाबी करतं, आणि सगळं चित्र मेलं. दुकानदाराला स्पष्ट सांगा : रंग दुरुस्त करू नका, फाइलमधलं कलर प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची नोंद) तसंच ठेवा. २४ इंचांसाठी फाइल किमान ३६०० पिक्सेल रुंद हवी, ७२०० असेल तर उत्तम. आधी दोन छोटे तुकडे छापून घ्या. एक मे मिल्टनचा. दुसरा मागच्या अंधाराचा : तिथे आरशासमोर केस सावरणारी नर्तकी ला गुल्यू आहे, आणि उंच चुलतभावासोबत चाललेला बुटका लोत्रेक स्वतः. ते दोघे काळ्या डागात विरघळले असतील तर गडद छटा दबल्या आहेत, प्रिंट परत करा. टेबलाशी पाठमोऱ्या बसलेल्या नर्तकी जेन अ‍ॅव्ह्रिलचे नारिंगी केस मात्र साध्या प्रिंटरवरही बरे उतरतात, त्यांच्यावरून पारख करू नये.

चकचकीत लॅमिनेशन नको. मूलाँ रूजच्या दिव्यांची नाही, तुमच्या ट्यूबलाइटची चमक दिसेल. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कॉटन पेपर, आम्लविरहित माउंट (प्रिंटभोवतीचा पुठ्ठा), आणि काच प्रिंटला टेकू नये एवढं अंतर. मुंबई-कोकणात फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत रबराचे छोटे ठोकळे लावा, हवा खेळली नाही तर पावसाळ्यात पाठीला बुरशी धरते. ओल येणारी बाहेरची भिंत टाळाच.