बकेट लावण्याआधी बिळापुढं लावायचा कॅमेरा: तीन उन्हाळे वापरून

मी जेसीबीवाला. सोलापूर-बार्शी रस्त्यावर मार्डी, कारंबा, नान्नज, वडाळा या पट्ट्यात बांध सपाट करणं आणि शेततळी काढणं ही माझी कामं. 2016 ला ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना आली तेव्हापासून रानं मोकळी झाली की पाऊस पडेपर्यंत मशीनला उसंत नसते. जनावरांचे फोटो काढण्याचा शौक मला कधीच नव्हता. कॅमेरा घेतला तो एका मार्चमुळे.

माळाच्या कडेचा जुना बांध फोडत होतो. मालक म्हणाला, “दोनचार भोकं हायती, उंदराची असतील, चालवा तुम्ही.” तिसऱ्या बकेटला मातीबरोबर खोकडाची दोन पिल्लं वर आली. एक हललंच नाही. मादी पन्नास फुटांवर तरवडाच्या झुडपाशी उभी होती. मशीनचा एवढा आवाज, तरी ती पळत नव्हती. मी इंजिन बंद केलं आणि त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही. खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात आणि आमची मातीकामं नेमकी त्याच दिवसांत असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नवी पेठेत जाऊन ट्रॅप कॅमेरा घेतला. बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड धरून साडेसहा हजार पडले. वस्तू म्हणाल तर मापात जाड टिफिनच्या डब्याएवढी, आत आठ पेन्सिल सेल, झाडाला बांधायला पट्टा. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की फोटो निघतो आणि रात्री न दिसणाऱ्या उजेडात काळा-पांढरा येतो. घेताना एकच गोष्ट विचारून घ्या: रात्रीचा दिवा 850 नॅनोमीटरचा आहे की 940 चा (हा आकडा उजेडाच्या तरंगलांबीचा). 850 वाल्यात रात्री मंद लाल ठिपका दिसतो आणि बुजरं जनावर थबकतं. 940 चा उजेड थोडा कमी लांब जातो, पण बिळासाठी आठ-दहा फूट पुरतात. मी 940 घेतला.

दुकानातल्या पोरानं विचारलं, “सशाच्या बिळावर लावणार का?” तिथंच सांगितलं आणि इथंही सांगतो, आपल्याकडचा ससा बीळ करतच नाही. तो गवतात, झुडपाखाली अंगाएवढा खळगा करून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, म्हणून त्याला बिळाची गरज पडत नाही. बीळ करणारा ससा इंग्लंडचा. तिथं लोक बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावून आत फेरेट नावाचं पाळीव जनावर सोडतात आणि बाहेर पळणारे ससे धरतात. पण तिथल्या शिकाऱ्यालाही आधी बीळ वाचावं लागतं. आडव्या पाडलेल्या इंग्रजी डी अक्षरासारखं रुंद तोंड, पुढं मातीचा मोठा ढीग, ओढत नेलेलं वाळलेलं गवत, असं दिसलं की ते बॅजर नावाच्या रानटी जनावराचं असतं आणि त्याला हात लावणं 1992 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्याकडं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकारसुद्धा गुन्हा आहे. तेव्हा बांधातल्या भोकाला कुणी ‘सशाचं बीळ’ म्हणालं, तर त्यानं ते नीट बघितलेलं नाही एवढं समजा.

आता कॅमेऱ्याचं खरं. पहिले पंधरा दिवस मी फार वैतागलो. खोकडाच्या बिळाला तोंडं अनेक असतात. मी एका तोंडासमोर दोन फुटांवर कॅमेरा लावला आणि ती मागच्या तोंडानं ये-जा करत राहिली. वर लेन्स पूर्वेकडं, त्यामुळे सकाळचं ऊन थेट आत. कार्डात अकराशे फोटो, सगळे हलत्या कुसळाचे. पुस्तिकेत यातलं काहीही नाही.

मला शिकवलं ते वडाळ्याच्या बाजूला मेंढरं घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरानं. मी त्यांना तात्या म्हणतो. कॅमेरा बघून तात्या म्हणाले, “आधी दार वाच, मग डोळा लाव.” चुलीची राख चाळून त्यांनी बिळापुढं दोन हात पसरली, तळव्यानं हलकेच सारखी केली आणि तोंडात ज्वारीच्या बारीक काड्या उभ्या खोचल्या. काड्या आत कलल्या तर कुणीतरी आत गेलं, बाहेर कलल्या तर बाहेर पडलं. तोंडावर कोळ्याचं जुनं, धुळकट जाळं असेल तर बरेच दिवस तिथून कुणी गेलेलं नाही. पण बाकीची तोंडं बघितल्याशिवाय बीळ रिकामं म्हणायचं नाही.

मग एकेक तोंड वेगळं दिसायला लागलं. तोंड भुसभुशीत ताज्या मातीनं बुजवलेलं असलं तर घूस. तोंडाशी बोराच्या बिया, किड्यांचे पंख आणि उंदराचे केस असलेली विष्ठा, चार बोटांचा नखांसकट कुत्र्यासारखा पण लहान ठसा, असं असलं तर खोकड. साळिंदराचं तोंड चांगलं रुंद असतं आणि आसपास एखादा काळा-पांढरा काटा हमखास सापडतो. अकोलेकाटीच्या एका ओढ्याकाठी मला बिळाच्या तोंडाशी बैलाचं जुनं हाड मिळालं. त्याच्या कडेला पटाशीनं तासावेत तसे जोडीजोडीनं दातांचे चरे होते. साळिंदर हाडं कुरतडतं, त्यातला चुना त्याला लागतो. त्या रात्री एक चाळीसला कॅमेऱ्यात ते आलं, काटे अंगालगत मिटवून, मागं एक पिल्लू. चरे आधी बघितले होते म्हणून कॅमेरा योग्य जागी लागला होता.

सगळ्यात मोठी उणीव कळली ती मार्डीच्या शिवारात. अर्धचंद्रासारखं तोंड, खालची कड सपाट. कॅमेरा पाच दिवस-रात्री लावला, फोटो शून्य. मालक मशीन आणायची घाई करत होता. राखेत मात्र रोज ताजी खूण, मधोमध शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे. घोरपड! तिचं रक्त थंड. अंग आजूबाजूच्या मातीएवढंच तापलेलं, त्यामुळे उबेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. आणि सोलापूरचा एप्रिल म्हणजे दुपारी चाळीसच्या आसपास, जमीन त्याहून तापलेली. अशा वेळी ऊबदार जनावरंही त्याच्या नजरेतून सुटतात. उपाय आहे. सेटिंगमध्ये टाइमलॅप्स लावून दर मिनिटाला फोटो घ्यायचा. सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला ती बिळाबाहेर ऊन खात पडलेली मिळाली. मालकानं फोटो बघितला आणि शेततळं साठ फूट वर सरकवलं. कागदावरचं माप तेच राहिलं.

टिकण्याबद्दल सांगायचं तर पाऊस झेलला, धूळ झेलली, एकदा म्हशीनं पाडला तरी चालू आहे. पट्टा मात्र पहिल्याच उन्हाळ्यात कुजला. बदलून मागितला तर विकणाऱ्यानं हात वर केले, मग मी शिलाईच्या नवारीचा करून घेतला. चार्जिंगचे सेल घातले तर बॅटरी संपल्याची खूण लवकर येते, साधे अल्कलाइन बरे. सेल काढले की तारीख मागं जाते, तीही दर वेळी तपासा.

लावताना गुडघ्याच्या खाली, आठ-दहा फुटांवरून, तिरका, लेन्स उत्तरेला, बिळाची दोन-तीन तोंडं एकाच चौकटीत येतील असा लावा. हात किंवा काठी आत घालू नका, धूर करू नका, तोंड बुजवू नका. मालकाच्या रानातच लावायचा, अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. नान्नजच्या बाजूला माळढोक अभयारण्य आहे, तिथं तर हे पक्कं लक्षात ठेवा. पिल्लं दिसली तर वनखात्याचा मदतीचा नंबर 1926 लावा आणि ती बीळ सोडेपर्यंत काम दुसऱ्या टोकाला घ्या.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो घोरपडीसाठी. आता काम ठरवताना मी मालकाला पहिल्याच फोनवर सांगतो: दहा रात्री कॅमेरा, मग मशीन. त्या दहा रात्रींचे पैसे घेत नाही. राख मात्र त्यांच्या चुलीची.