चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘गोल्डफिश – २’

२०२१च्या जुलैमध्ये मुलाच्या वाढदिवसाला मी दोन कासवं आणली. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, हिरवीगार, डोळ्यामागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, “रेड इअर आहे वहिनी, फॉरेनचं, बिनधास्त पाळा.” सासूबाई सोबत होत्या. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच, मग घरात असलं तर चांगलंच, असं त्यांचं म्हणणं. त्याने ते बरोबर हेरलं आणि “उत्तरेला ठेवा, लक्ष्मी टिकते” हेही जोडून दिलं. जोडी ७०० रुपयांना, काचेचं गोल भांडं ४५०ला आणि सुक्या कोळंबीचा डबा वेगळा.

“मोठी होतात का हो?” मी विचारलं होतं. “छे! भांड्याएवढीच वाढतात.”

हे वाक्य तुम्हालाही कुणी ऐकवलं, तर तिथूनच मागे फिरा. या रेड इअर स्लायडर कासवाची मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं जगते. भांडं लहान असलं म्हणून जनावर लहान राहत नाही, ते आजारी पडतं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा कमी कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. लहान मुलं ती हाताळतात, तोंडाजवळ नेतात आणि त्यांना साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जिवाणूची लागण होते. आमची जेमतेम दीड इंचाची होती, आणि मी ते भांडं रोज स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासत होते.

चार महिन्यांत एकाचे डोळे सुजून बंद झाले आणि त्याने खाणं सोडलं. दुकानदाराने १८० रुपयांचे थेंब दिले, वर “तुम्हीच पाणी गार ठेवलं असणार” म्हणून मलाच सुनावलं. आठवड्याने ते गेलं. मी तणतणत गेले तेव्हा मात्र तो एकदम गोड बोलायला लागला. “वाईट वाटून घेऊ नका, बदलून देतो. पैसेही नकोत.” मला तो सज्जन वाटला! त्या नव्या कासवाच्या डोळ्यामागेही लालसर खूण होती. पाठ मात्र मधोमध उंच, कौलारू घराच्या आढ्यासारखी, आणि त्या कण्यावर एक टोक. “जरा वेगळी जात, पण रेड इअरच,” तो म्हणाला.

मग आधीच्या जोडीतल्या वाचलेल्या पहिल्याचं कवच बोटाने दाबलं की दबायला लागलं. शोधून शोधून कासवं तपासणारे डॉक्टर मिळाले. त्यांचा पहिलाच प्रश्न, “ऊन मिळतं का?” मी म्हटलं, रोज, खिडकीपाशीच ठेवते. “काच बंद?” होय. काचेतून उजेड आणि ऊब येते, पण कासवाला लागणारे अतिनील किरण काच अडवते. ते नसतील तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. डोळ्यांचं दुखणं बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं, कारण चार महिने नुसती सुकी कोळंबी. मूळ हे मिसिसिपीच्या खोऱ्यातलं कासव. संथ, गढूळ पाण्यात राहायचं, ओंडक्यावर चढून तासन्‌तास ऊन खायचं आणि चाहूल लागली की घसरत पाण्यात, म्हणून ‘स्लायडर’. अन्न गिळायलाही त्याला पाणी लागतं. आमच्या भांड्यात चढायला साधा दगडसुद्धा नव्हता.

एवढं सांगून त्यांनी दुसरं कासव उलटंपालटं केलं आणि गप्प झाले. “हे कुठून आणलंत? हे परदेशी नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेतलं इंडियन रूफ्ड टर्टल आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं. वाघाला जेवढं संरक्षण, तेवढंच याला. विकणं गुन्हा आणि घरात ठेवणंही.” माझे हातपाय गार पडले. फुकट मिळालेली वस्तू, आणि गुन्हा आमच्या दारात.

शेजारच्यांनी सुचवलं, रात्री तलावात सोडून या, पुण्य लागेल. तेही करू नका. रेड इअर तर जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या तळ्यात गेलं की इथल्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणं बळकावतं. आम्ही वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. माणसं आली, जबाब घेतला, रूफ्ड टर्टल घेऊन गेली. आम्हाला त्रास दिला नाही, हे आवर्जून सांगते. स्वतःहून फोन केला हे कामी आलं असावं. बिल मागितलं तेव्हा मी दुकानदाराने दिलेली चिठ्ठी काढून दिली. वनरक्षकाने ती उलटसुलट पाहिली. “ताई, यात कासव कुठंय?” चिठ्ठीवर होतं गोल्डफिश २, बाऊल १, फूड १. नंतर दुकानात विचारायला गेले, तर म्हणाला, “कासव? आम्ही ठेवतच नाही.”

पहिलं जगलं. मादी निघाली. आता २० सेंटीमीटरची आहे. मोठी टाकी, फिल्टर आणि अतिनील किरणांचा (यूव्हीबी) दिवा मिळून ११ हजार गेले. पालक, जलपर्णी, कधी मासळीचा तुकडा खाते. रविवारी गच्चीवर नेली की मागचे पाय ताणून पसरते आणि ऊन खात पडून राहते. पोरगा पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाईल म्हणतो. मग टाकी कोण धुणार, यावर आमच्याकडे आत्तापासूनच भांडणं सुरू आहेत.