घरचं बियाणं की संकरित पाकीट?

सोयाबीनला घरचं बियाणं चालतं, मग कपाशीला का नाही? उत्तर फुलात आहे. सोयाबीनचं फूल उमलायच्या आधीच स्वतःच्या परागकणांनी फळतं. त्यामुळे जेएस-३३५सारखा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण पिढ्यानपिढ्या जवळपास तसाच उतरतो. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर खुशाल पेरा. दरवर्षी नवी बॅग कशाला?

संकरित कपाशीचं गणित निराळं. १९७० साली सुरतेत तयार झालेल्या एच-४ या संकरित वाणापासून युक्ती तीच: मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी नर वाणाचे परागकण लावायचे. या पहिल्या पिढीत जोम असतो, झाडं एकसारखी. त्यांचीच सरकी पुढच्या वर्षी टोकली की जनुकांची नवी वाटणी होते. एक झाड उंच, शेजारचं खुजं. बोंडअळीला मारणारं बीटीचं एक जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या ३:१ हिशेबाने सुमारे चौथ्या हिश्श्याच्या झाडांत ते नसतंच. बोंडअळीला आयतं जेवण! ती सरकी ढेपेलाच जाऊ द्यावी.

सरळ वाणाच्या कपाशीचं बी मात्र ठेवता येतं, फक्त शेजारच्या रानातून परके परागकण आणणाऱ्या मधमाश्यांचं भान ठेवून.